दोन स्वेटर, एक शाल आणि अठरा हजारांचं बिल

*ताई, मी ४८ वर्षांची, सांगलीत शाळेत शिकवते. मुलगी पुण्यात नोकरी करते. तिने डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातलं उत्तराखंडातल्या केदारकंठा ट्रेकचं आम्हा दोघींचं बुकिंग परस्पर करून टाकलं. चालायचा सराव मी दिवाळीच्या आधीपासून करते आहे, त्याची काळजी नाही. काळजी थंडीची आहे. महाबळेश्वरला मला दोन स्वेटर लागतात! ट्रेकवाल्यांनी कपड्यांची भलीमोठी यादी पाठवली. ती घेऊन दुकानात गेले, तर बिल अठरा हजारांच्या वर गेलं. काही न घेताच परत आले. आमचे हे म्हणतात, "माझे दोन लोकरी स्वेटर आहेत, तुझी शाल आहे, एकावर एक चढव आणि जा." मुलगी म्हणते कॉटन अजिबात नको. मी रोज कॉटनचे पंजाबी ड्रेसच घालते. नक्की काय घ्यायचं आणि काय नाही? आणि एवढ्या थंडीत माझा निभाव लागेल का?*
*— एक आई, सांगली*

तुमच्या यजमानांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, हे आधी सांगून टाकते, म्हणजे घरात शांतता राहील. एकावर एक चढवायचं, हे बरोबर. चढवून जायचं, हे चूक. डोंगरात माणसं गारठतात ती बहुतेक वेळा कपडे कमी पडले म्हणून नाही. कपडे वेळेवर उतरवले नाहीत म्हणून गारठतात.

हे मी स्वतः भोगून शिकले. पहिल्यांदा उत्तराखंडात गेले तेव्हा आत सुती बनियन, त्यावर स्वेटर, त्यावर जर्किन, गळ्यापर्यंत चेन ओढलेली आणि डोक्याला माकडटोपी, अशी सकाळी तंबूतून निघाले. अगदी ऊबदार वाटत होतं. अर्ध्या तासाच्या चढानंतर पाठीवरून घामाच्या धारा लागल्या. 'थंडीत घाम येतोय, म्हणजे चांगलंच आहे' असं समजून तशीच चालत राहिले. मग खिंडीत सगळे खजूर खायला दहा मिनिटं थांबलो आणि वारा सुटला. तिसऱ्या मिनिटाला दात वाजायला लागले ते संध्याकाळपर्यंत थांबले नाहीत. रात्री ती बनियन दोरीवर वाळत घातली. सकाळी ती पापडासारखी कडक झाली होती, हातात धरली तर उभी राहायची.

झालं काय होतं? कपड्यात स्वतःची ऊब नसते. ऊब आपल्या अंगाची. कपडा तिला धरून ठेवतो, आणि तेही त्याच्या धाग्यांमध्ये अडकलेल्या हवेच्या जोरावर. ती हवा कोरडी आणि स्थिर असेल तोवर सगळं ठीक. तिच्या जागी पाणी आलं की खेळ संपला, कारण पाणी हवेच्या साधारण २५ पट वेगाने उष्णता ओढून नेतं. तुम्ही उन्हाळ्यात माठाला ओलं फडकं गुंडाळता ना? घामाने भिजलेली सुती बनियन म्हणजे अंगाला गुंडाळलेलं तेच फडकं. सांगलीच्या मे महिन्यात कॉटन इतकं सुखाचं वाटतं ते याच गुणामुळे. घाम पितं आणि सोडत नाही. डिसेंबरात, बर्फात, हाच गुण जिवावर येतो. त्यामुळे मुलीचं शंभर टक्के ऐका. पंजाबी ड्रेस घरी. आणि हे कुणी यादीत लिहीत नाही म्हणून मी लिहिते: आतले कपडेसुद्धा सुती नकोत. वरून हजारो रुपयांचं जॅकेट आणि आत भिजलेली सुती ब्रेसियर, म्हणजे सगळा खर्च पाण्यात. साधी पॉलिस्टरची स्पोर्ट्स ब्रा घ्या, दोन पुरतात.

आता तिथली थंडी म्हणजे किती, ते बघू. सांक्री गाव, जिथून चालायला सुरुवात होते, ते सुमारे ६,४०० फुटांवर. केदारकंठ्याचा माथा १२,५०० फुटांवर. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे सांक्रीपेक्षा माथ्यावर बारा-एक अंश कमी. डिसेंबरअखेर वरच्या तळावर रात्री उणे दहाच्या आसपास पारा जाणं नवलाचं नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठले की आपल्याकडे पेपरात फोटो येतो. तिथे रात्री बाटलीतलं पाणी गोठतं. आणि खरी चावते ती हवा नव्हे, वारा. उणे दहा तापमानात ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या कातडीला ते उणे वीससारखं लागतं. तरीही त्याच दिवशी दुपारी, ऊन पडलेलं आणि वारा थांबलेला असला तर, तुम्ही एका टी-शर्टवर चालत असाल. एकच दिवस, एकच माणूस, आणि एवढा फरक. एक जाड स्वेटर हे सांभाळू शकत नाही. तीन-चार पातळ कपडे सांभाळतात.

अंगाला लागून असतो तो पहिला कपडा. त्याचं काम ऊब देणं नाही, घाम अंगावरून उचलून बाहेर ढकलणं. दिवसा चालायला पूर्ण बाह्यांचा ड्रायफिट, म्हणजे लवकर वाळणाऱ्या पॉलिस्टरचा, टी-शर्ट पुरतो, तो मुलीच्या कपाटातला जिमचाही चालेल. थर्मल म्हणून जे मिळतं ते घेताना आतली पट्टी वाचा. बाजारातली कितीतरी थर्मल सुती किंवा सुतीमिश्रित असतात. ती घरात झोपायला उत्तम, चढावर नकोत. मेरिनो मेंढीच्या मऊ लोकरीचं मिळालं तर सोनं, कारण लोकर बरीच ओल पोटात घेऊनही ओली लागत नाही आणि चार दिवस घातली तरी वास मारत नाही. पण ती महाग आहे आणि तुम्ही पाच दिवसांसाठी जाताय. पॉलिस्टरवर भागतं.

त्यावर ऊब धरणारा मधला कपडा. इथे यजमानांचा स्वेटर कामाला येतो, पण तो खरंच लोकरी आहे का हे आधी तपासू. आतल्या शिवणीतून बोटभर धागा ओढून घ्या, चिमट्यात धरा आणि मोरीत उभं राहून काडी लावा. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटांनी चुरगळली, तर लोकर. वितळून टोकाला टणक काळा मणी झाला, तर ॲक्रिलिक. लोकरीचा निघाला तर बिनधास्त न्या. अंगाबरोबर बसणारा असेल तर फारच छान, कारण ढगळ स्वेटरखाली वारा खेळतो. ॲक्रिलिकचा निघाला तरी टाकाऊ नाही, फक्त वजनाच्या मानाने ऊब कमी. तसं असेल तर त्याऐवजी एक साधं फ्लीस, म्हणजे मऊ लवदार कापडाचं जॅकेट, घ्या. तेही पॉलिस्टरच, हलकं आणि भिजलं तरी लवकर वाळणारं. गळ्याशी चेन असलेलं बघा. तुमच्या वयात हे मुद्दाम सांगते. पाळी जायच्या सुमारास अंगातून अचानक वाफा निघतात, तेव्हा चढाच्या मध्यावर डोक्यावरून स्वेटर काढत बसण्यापेक्षा एक चेन खाली ओढणं सोपं.

सगळ्यात वरचा कपडा वारा आणि बर्फ अडवतो. तो जाड नको, पातळच हवा, आणि तो आतल्या सगळ्या कपड्यांवर सहज बसायला हवा. त्यामुळे नेहमीच्या मापापेक्षा एक नंबर मोठा. त्याला टोपी हवी, आणि काखेत उघडणारी चेन असली तर दुकानदाराला एक चहा पाजा. पावसाळ्यातला चांगला रेनकोट असेल तर वारा अडवायला तोही चालतो, फक्त त्यात आतला घाम बाहेर पडत नाही. म्हणून तो थांबल्यावर किंवा बर्फ पडताना घालायचा, चढताना नाही. आपले धनगर हे शतकानुशतकं करत आले आहेत. पावसात डोक्यावर घोंगडीची खोळ, ऊन आलं की तीच खांद्यावर. खरखरीत लोकर, पाणी वरच्या वर निथळतं, आणि घालायला-काढायला एक सेकंद लागतो. घोंगडी घेऊन केदारकंठ्याला जा असं मी म्हणत नाही, तिचं वजन तुम्हाला झेपणार नाही. पण तो एक सेकंद लक्षात ठेवा.

राहिलं ते पिसं भरलेलं फुगीर डाउन जॅकेट. तुमच्या बिलात सगळ्यात मोठा आकडा त्याचाच असणार. ते विकत घेऊ नका. सांक्रीत भाड्याने मिळतं, बरेच ट्रेकवालेही देतात. मात्र डिसेंबरअखेर तिथे जत्रेसारखी गर्दी असते, म्हणून आधीच सांगून ठेवा. ताब्यात घेताना चेन दोनदा वरखाली करून बघा, खिसे फाटलेत का बघा आणि दोन्ही हातांनी दाबून सोडा. परत फुगून वर आलं पाहिजे. चपटंच राहिलं तर दुसरं मागा, त्यातली पिसं दमलेली आहेत. हे जॅकेट चालण्यासाठी नाही हे मात्र पक्कं ध्यानात ठेवा. पिसं ओली झाली की गोळा होतात आणि ऊब संपते, घामाने झाली तरी. ते थांबल्यावर, जेवताना, तंबूबाहेर तारे बघताना, आणि माथ्यावर पोचल्यावर.

पायांचं थोडक्यात. आयुष्यात ट्रॅक पॅन्ट घातली नसेल तर आता घाला, कुणी बघायला येत नाही. दिवसा एक लवकर वाळणारी ट्रेक पॅन्ट, पहाटेच्या चढाईला तिच्या आत थर्मल. बर्फ बुटात जाऊ नये म्हणून बुटावरून पोटरीला गुंडाळायचे गेटर्स आणि घसरू नये म्हणून बुटाखाली चढवायचे काटेरी मायक्रोस्पाइक्स लागतात, तेही भाड्याने.

बूट मात्र स्वतःचे आणि आजच घ्या. संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात, आणि जाड मोजे घालूनच माप बघा. आत बोटं पियानो वाजवल्यासारखी हलली पाहिजेत. पायाला थंडी वाजते म्हणून मोज्यांवर मोजे चढवणं हा हमखास उलटा पडणारा उपाय. बूट आवळतो, रक्त पोचत नाही आणि बोटं आणखी गार पडतात. एक जाड लोकरी जोडी पुरे. अशा तीन जोड्या घ्या आणि त्यातली एक फक्त झोपण्यासाठी. ती दिवसा कितीही मोह झाला तरी घालायची नाही. झोपायचे कपडे पिशवीत वेगळे, कोरडे, आणि मुक्कामावर पोचल्याबरोबर पहिलं काम म्हणजे घामेजलेलं सगळं काढून ते घालणं. चहा नंतर. या एका सवयीवर तुमच्या चारही रात्री ठरतील.

हातांसाठी दोन थर. आत पातळ हातमोजे, वर जाड. बोटांना वेगवेगळी घरं असलेल्यांपेक्षा चार बोटं एकत्र राहणारे जास्त गरम असतात, कारण बोटं एकमेकांना ऊब देतात. बुटाची नाडी बांधायची किंवा फोटो काढायचा तर जाड काढा, पातळ ठेवा. अंगठ्या घरी काढून ठेवा. उंचीवर बोटं सुजतात आणि मग अंगठी निघत नाही. डोक्याला कान झाकणारी लोकरी टोपी आणि गळ्यात बफ, म्हणजे नळीसारखा कापडी पट्टा, तोच नाकावर ओढता येतो. उन्हाचा चष्मा ही चैन समजू नका. बर्फावरून उलटून येणारं ऊन डोळे अक्षरशः भाजून काढतं. चेहऱ्याला सनस्क्रीन, आणि हनुवटीखालीसुद्धा, कारण ऊन तिथे खालून येतं.

आता माथ्याच्या पहाटेबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तुमची खरी भीती तीच आहे. रात्री दोन-अडीचला उठवतात. स्लीपिंग बॅगमधून बाहेर येणं हाच त्या दिवसाचा सगळ्यात अवघड चढ. म्हणून आदल्या रात्रीच उद्याचे कोरडे मोजे, पातळ हातमोजे आणि पहिला कपडा स्लीपिंग बॅगेत पायाशी घेऊन झोपा. सकाळी ते गरम असतात. मोबाईल आणि टॉर्चची बॅटरीही तिथेच, गारठ्यात त्या मान टाकतात. झोपताना स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भरून, झाकण घट्ट लावून, ती एका मोज्यात घालून पोटाशी धरा. सकाळी तेच पाणी प्यायला. स्लीपिंग बॅगेत तोंड खुपसून मात्र झोपू नका, श्वासाच्या वाफेने आतून ओल धरते. नाक बाहेर, टोपी घालून.

मग बाहेर या. डाउन जॅकेट अंगावर आहे, चहा हातात आहे, सगळे रांगेत उभे आहेत. निघायच्या दोन मिनिटं आधी डाउन जॅकेट काढून बॅगेत टाका. हो, काढा! आजूबाजूचे वेड्यात काढतील. अंगात राहील फक्त पहिला कपडा, स्वेटर किंवा फ्लीस, आणि वर वाऱ्याचं जॅकेट. निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. दहा मिनिटांत ती जाते. जे जॅकेटासकट निघतात ते वीस मिनिटांनी अंधारात, चढावर, बॅग उघडून बसलेले दिसतात, आणि तोवर आतला टी-शर्ट भिजलेला असतो. त्यानंतरही पाठीला घाम जाणवला की चेन खाली, टोपी मागे, नाहीतर वेग कमी. हळू चालायला लाजू नका. घाम न येईल असा वेग हाच तुमचा वेग. थांबलात की उलट. बसायच्या आधी डाउन जॅकेट अंगावर, मग पाणी, मग चिक्की. थंडी वाजायची वाट बघायची नाही. ते जॅकेट बॅगेत सगळ्यात वर ठेवायचं ते एवढ्यासाठीच. पाण्याची बाटली बॅगेत उलटी ठेवा, बर्फ वरून धरायला लागतो, म्हणजे बूच मोकळं राहतं.

पाण्यावरून आठवलं. रात्री बाहेर जायला नको म्हणून बायका संध्याकाळपासून पाणी पिणं बंद करतात. हे मी प्रत्येक ट्रेकला बघते. करू नका. शरीर कोरडं पडलं की हातपाय आणखी गार पडतात आणि उंचीची डोकेदुखी वेगळीच. रात्री एकदा उठावं लागेल. जॅकेट, टोपी, टॉर्च, मुलीला हाक, दोन मिनिटांत परत.

हातापायाची बोटं दुखताहेत तोवर ती ठीक आहेत. दुखायची थांबली, बधिर झाली, कातडी पांढरट मेणासारखी दिसायला लागली, तर ताबडतोब लीडरला सांगा. चोळू नका, बर्फ लावू नका, शेकोटीवर धरू नका, कारण बधिर बोट भाजलेलं कळत नाही. हाताची बोटं काखेत धरा. आणि मुलगी अडखळायला लागली, बोलताना जीभ जड झाली, उगाच चिडचिड करू लागली, तर तो स्वभाव नाही, थंडी आहे. तिला कोरडे कपडे, गरम गोड काहीतरी आणि खाली उतरणं. तिलाही तुमच्याबद्दल हेच सांगून ठेवा. शिक्षिका बऱ्याचदा शेवटपर्यंत 'मी ठीक आहे' म्हणतात.

निभाव लागेल का, हे विचारलंत. महाबळेश्वरला दोन स्वेटर लागतात ते तुम्ही तिथे बाकावर बसून मक्याचं कणीस खाता म्हणून. चालणाऱ्या माणसाचं गणित वेगळं. खात्री करायची असेल तर पुढच्या रविवारी पहाटे मुलीचा ड्रायफिट आणि यजमानांचा स्वेटर घालून, वाऱ्याचं जॅकेट बॅगेत टाकून, दंडोबाचा डोंगर चढा. कुठे घाम फुटला, किती वेळाने, चेन कधी खाली ओढावी लागली, थांबल्यावर किती मिनिटांत पाठ गार पडली, ते बघा. सांगलीची थंडी ती काय, पण घामाचं वेळापत्रक तुमचं तुम्हाला कळेल. ते दुकानदाराला सांगता येत नाही.

तेव्हा बिलातून डाउन जॅकेट, गेटर्स आणि स्पाइक्स खोडा. थर्मलचे तीन जोड दिले असतील तर दोन खोडा. बूट, मोजे, हातमोजे, आणि घरात नसेल तर वाऱ्याचं जॅकेट ठेवा. शाल न्या, मात्र ट्रेकमध्ये नाही. डेहराडूनहून सांक्री जवळजवळ २०० किलोमीटर आहे, घाटाघाटाने आठ-दहा तास लागतात, आणि जीपच्या काचा कधी पूर्ण बंद होत नाहीत. तिथे तुमच्या शालीसारखं दुसरं काही नाही. सांक्रीत ती ठेवायच्या सामानात बांधून टाका. आणि यजमानांचा एकच स्वेटर न्या. दुसरा घरी असू द्या, डिसेंबर त्यांनाही आहे.